चौथा रकाना

भाऊ आगाशे बोलायला लागले की नव्या माणसाला वाटे, या गृहस्थांनी निम्मा जन्म जहाजावर काढलेला असणार. डोंबिवलीच्या त्यांच्या दोन खोल्यांत चहाला बसलेला शेजारी सहज म्हणून गेला की आज हातात घड्याळ घालायचे राहिले, तर भाऊ खुर्ची पुढे ओढत. "घड्याळ म्हणजे वॉच. पण जहाजावर वॉच म्हणजे काय, ठाऊक आहे? चार तासांची पाळी. आणि संध्याकाळी दोन-दोन तासांच्या दोन आखूड पाळ्या असतात, त्यांना म्हणतात डॉग वॉच. आता त्यात कुत्र्याचा काय संबंध?" तो संबंध कुणालाच, खुद्द भाऊंनाही, माहीत नव्हता. पण चहा गार होईपर्यंत शेजाऱ्याची सुटका नसे.

खरे सांगायचे तर भाऊंचा पाय जहाजाला कधी लागलाच नव्हता. बॅलार्ड इस्टेटमधल्या ऑर्मस्टन नावाच्या आगबोट कंपनीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचे टेबल होते. बंदरात लागलेल्या बोटींकडून सामानाच्या मागण्या येत. त्या वाचायच्या आणि पुरवठादाराला कळवायच्या, हे काम त्यांनी तीस वर्षे केले. गोदी खिडकीतून दिसे. तेवढे दिसणे त्यांना पुरेसे होते, कारण पाण्याची त्यांना भीती वाटे. हे त्यांनी बायकोखेरीज कुणाला सांगितले नव्हते.

शब्दांचे वेड त्यांना फजितीतून लागले. नोकरीला लागून जेमतेम दोन महिने झाले होते. एका बोटीच्या मुख्य अधिकाऱ्याची चिठ्ठी आली: छोट्या होडीसाठी पेंटर एक, तातडीने. भाऊंनी तातडीने दगडू नावाच्या रंगाऱ्याला बादली, ब्रश आणि पांढऱ्या रंगाचा डबा देऊन गोदीत पाठवून दिले. दगडू तिथे चहा पिऊन खुशीत परतला. सोबत आलेली चिठ्ठी मात्र खुशीची नव्हती. होडी बांधून ठेवायच्या दोराला जहाजावर पेंटर म्हणतात, हे भाऊंना त्या दिवशी कळले, आणि सगळ्या ऑफिसला भाऊ त्या दिवशी कळले. पुढे कितीतरी महिने त्यांना जिन्यात कुणीतरी विचारी, "काय आगाशे, दगडूला लांबी किती हवी?"

दुसरा एखादा असता तर त्याने खाते बदलून घेतले असते. भाऊंनी एक लांबट, जाड पुठ्ठ्याची वही घेतली आणि तिच्यावर चार रकाने आखले. पहिल्यात इंग्रजी शब्द. दुसऱ्यात त्याचा जमिनीवरचा अर्थ. तिसऱ्यात जहाजावरचा. 'शीट' म्हणजे घरात चादर, टेबलावर कागद, जहाजावर मात्र ना कापड ना कागद, तर शिडाचे खालचे टोक आवळायचा दोर. 'लॉग' म्हणजे ओंडका, पण बोटीची रोजनिशीही लॉगच, कारण पूर्वी लाकडाचा तुकडा दोराला बांधून पाण्यात सोडीत आणि दोराच्या किती गाठी हातातून निसटल्या त्यावरून वेग ठरवून वहीत लिहून ठेवीत. म्हणून वेगाचे मापही 'नॉट', म्हणजे गाठ. 'ब्रिज' म्हणजे पूल. कप्तान उभा राहतो त्या जागेलाही ब्रिजच म्हणायचे, कारण जुन्या आगबोटींना दोन बाजूंना दोन मोठी चाके असत आणि एकीकडून दुसरीकडे जायला मध्ये खरोखरीचा पूल असे. हे सारे भाऊंनी कप्तानांच्या चिठ्ठ्यांतून, जुन्या पुस्तकांतून आणि निवृत्त अधिकाऱ्यांचे डोके खाऊन गोळा केले. एकेका शब्दामागे कधी वर्ष वर्ष गेले.

चौथ्या रकान्यावर त्यांनी 'मराठी' असे लिहिले होते. तो जवळजवळ तीस वर्षे कोरा होता.

स्वातंत्र्य आले, आणि तीन-चार वर्षांत जो तो मराठी शब्द मागू लागला. कचेऱ्यांना हवेत, न्यायालयांना हवेत, शाळांना हवेत. पुण्यातल्या एका मंडळाने निरनिराळ्या धंद्यांचे शब्दसंग्रह छापायचे ठरवले आणि भाऊंच्या एका वर्गमित्राने तिथे त्यांचे नाव सांगितले. मंडळाचे पत्र आले. जहाजासंबंधीचे शब्द आपण द्यावेत, संग्रह आपल्या नावाने प्रसिद्ध होईल.

आपल्या नावाने! भाऊंनी ते पत्र कोटाच्या आतल्या खिशात महिनाभर बाळगले. तीस वर्षांत त्यांनी हजारो पत्रे लिहिली होती आणि प्रत्येकाखाली सही दुसऱ्याची होती. मूलबाळ नव्हते. आपल्यामागे आपले नाव कुठे राहील, याचे उत्तर त्यांच्याकडे पहिल्यांदाच आले होते, तेही पोस्टाने. त्यांनी अमरकोश काढला, मोठा संस्कृत कोश काढला, आणि रोज ऑफिसातून आले की हातपाय धुऊन चौथा रकाना भरायला बसू लागले. शीट: वातपट-रज्जू. पेंटर: नौकाबंधिनी. जहाजाचे पोट, जिथे माल भरतात ते होल्ड: नौकोदर. समोरचे टोक, बो: नौकाग्र. सहा महिन्यांत साडेतीनशे शब्द झाले. त्यांतले काही नमुना म्हणून त्यांनी मंडळाला पाठवले.

त्यांची बायको सुमती भाजी निवडता निवडता ऐके. तिचे माहेर कल्याणचे, पारनाक्यावरचे. लहानपणी खाडीवर कौलांचे मचवे लागताना पाहिलेली ती बाई.

"अहो," ती एकदा म्हणाली, "तुमची नौकाबंधिनी सुटली आणि होडी चालली वाहून, तर माणूस एवढा मोठा शब्द ओरडेस्तोवर होडी मुंब्र्याला पोचेल की."

"तुला यातलं काही कळत नाही."

"नाहीच कळत. म्हणून म्हणते, ज्यांना कळतं त्यांना विचारलंत का? आमच्या बंदरावर बायकासुद्धा दोरखंडांची नावं घेऊन भांडायच्या."

भाऊ चिडले. पण 'टॅक' या शब्दाशी ते आठ दिवस अडून बसले होते. जमिनीवर चूक, म्हणजे छोटा खिळा; जहाजावर शिडाचा पुढचा खालचा कोपरा आणि तो बांधायचा दोर. अमरकोशात अशा कोपऱ्याची सोय नव्हती. तेव्हा एका रविवारी, कुणाला न सांगता, ते कल्याणच्या बंदरावर गेले.

तिथे धाकू तांडेल भेटला. ठाण्याजवळच्या बाळकुमचा, साठीच्या पुढचा, काळा, बुटका, पाय फाकवून चालणारा. त्याचा मचवा बंदराला लागला होता. नाव 'हौसा', त्याच्या आईचे. बाळकुमहून खाडीने भरतीबरोबर यायचे, कल्याणला कौले भरायची आणि ओहोटीबरोबर परतायचे, हे त्याच्या घरचे तीन पिढ्यांचे काम. भाऊंनी ओळख सांगितली, वही उघडली आणि आपले शब्द वाचून दाखवले. तांडेल कथेला बसल्यासारखा हात जोडून ऐकत होता. सात-आठ शब्द झाल्यावर त्याने अदबीने विचारले, "भाऊसाहेब, ही कुठच्या बंदराची भाषा? मी दमण बंदरापावत गेलोय. ऐकली नाय कदी."

भाऊंनी वही मिटली. मग त्यांनी समोरच्या शिडाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवले. "याला तुम्ही काय म्हणता?"

तांडेलाने तोंड उघडले आणि मिटले. कपाळाला आठ्या घातल्या. उजवा हात उचलून हवेत काहीतरी ओढल्यासारखे केले. "थांबा हां. रोज बोलतो मी. हातान असला की तोंडान येतो. असा कोरड्यावर बसून नाय येत." आणि हसून म्हणाला, "पुढच्या रविवारी चला माझ्याबरोबर बाळकुमला. वाटेत समदे देतो."

भाऊंनी आठवडाभर आजारी पडायचा प्रयत्न केला, जमले नाही. रविवारी सकाळी सुमतीने डबा हातात देत एवढेच विचारले, "पोहता येत नाही ते सांगितलंत का त्यांना?" भाऊ डबा पिशवीत टाकून निघाले.

मचव्यावर चढताना त्यांनी एक हात तांडेलाच्या मुलाच्या, महिपतच्या खांद्यावर ठेवला, डोळे अर्धवट मिटले आणि पुढच्या टोकावर बुटासकट पाय दाबून आत उडी घेतली. आत आल्यावर आपण बुडालो नाही याचाच त्यांना इतका आनंद झाला की बाकी काही दिसले नाही. थोड्या वेळाने मागे वळून पाहिले तर महिपत तांब्याने खाडीचे पाणी घेऊन ते टोक धूत होता. धुऊन झाल्यावर त्याने तिथे हात लावला आणि तो कपाळाला लावला. त्या जागी जुन्या हळदीचे डाग होते. आत सगळी माणसे अनवाणी होती.

"तिला नाळ बोलतान," तांडेल म्हणाला. "होरीचा तोंड. नारळी पुनवेला पुजतो आमी." आवाजात राग नव्हता. भाऊंनी बूट काढून पिशवीत घातले. समोरच्या टोकाला इंग्रजीत चार आणि संस्कृतात तीन शब्द त्यांना येत होते, आणि सातही शब्दांवर त्यांनी चिखलाचा पाय दिला होता. मग त्यांनी वही उघडली. त्यांनी 'नौकाग्र' खोडले आणि 'नाळ' लिहिले.

मग मचवा ओहोटीला लागला. दुर्गाडीचा बुरूज मागे गेला आणि शिडाने वारा धरला. आणि काय सांगावे, तांडेलाच्या तोंडून शब्द असे सुटू लागले की भाऊंची पेन्सिल पुरेना. जो दोर हातात येई त्याचे नाव त्याच क्षणी तोंडात येई. शिडाचा दोर आवळताना त्याने ओरडून सांगितले, "दामण!" शीट ती हीच. पुढचा कोपरा बांधायचा दोर, ज्यापायी भाऊंनी आठ दिवस घालवले, तो 'गोस'. शीड ज्या आडव्या वाशाला लावतात ती 'परमाण'. नांगराचा जाड दोर 'आलात'. रिकामे गलबत कलंडू नये म्हणून तळाशी धोंडे भरतात, त्याला 'निरम'. भाऊंनी त्यासाठी 'स्थैर्यभार' असा शब्द केला होता आणि त्याचा त्यांना अभिमानही होता.

डोंबिवलीसमोरून जाताना ते उठून उभे राहिले. आपले गाव पाण्यावरून त्यांनी प्रथमच पाहिले.  घाबरायचे ते विसरूनच गेले होते, हे मुंब्र्याच्या डोंगराखाली आल्यावर त्यांच्या लक्षात आले. तांडेलाने त्यांच्या हातात दामणीचे टोक दिले. "धरा. लिहून काय कळनार?" दोराने भाऊंना असा हिसका दिला की ते गुडघ्यावर आले. महिपत हसला, भाऊ हसले. तीस वर्षे त्यांनी 'शीट' हा शब्द लिहिला होता आणि तो एवढा ओढतो हे त्यांना माहीत नव्हते.

"होडी बांधायच्या दोराला काय म्हणता?" त्यांनी शेवटी विचारले. पेंटरची जुनी सल होती ती.

तांडेलाने विचार केला. "दोरच बोलतो. त्याला कशाला पायजे नाव?"

बाळकुमच्या धक्क्याला उतरताना पासष्ट शब्द झाले होते. तांडेलाने विचारले, "हे समदे छापून येनार?"

"येणार तर! पुस्तकात. तुमचे शब्द, जसेच्या तसे."

"माजी दामण बी?"

"पहिल्या पानावर," भाऊ म्हणाले, आणि ते त्या क्षणी अगदी मनापासून म्हणाले.

भाऊंनी चौथा रकाना नव्याने लिहिला. जिथे तांडेलाचा शब्द होता तिथे तो घातला, उरलेल्या जागी आपले ठेवले, आणि बाड पुण्याला धाडले. दोन महिन्यांनी उत्तर आले. चिटणिसांनी फार सभ्य भाषेत लिहिले होते. आपला पहिला खर्डा, ज्याचा नमुना आपण पूर्वी पाठवला होता, तो मंडळास अत्यंत पसंत आहे. नव्या खर्ड्यातील बरेच शब्द ग्राम्य असून काही परभाषेतून आलेले दिसतात. विद्यार्थ्यांच्या हाती असे शब्द देणे प्रशस्त नव्हे. पहिला खर्डा छापण्यास आपली संमती पंधरा दिवसांत कळवावी. न आल्यास हा विषय दुसऱ्या गृहस्थांकडे सोपवावा लागेल.

दुसऱ्या गृहस्थांकडे. भाऊंनी त्या ओळीखाली नखाने रेघ ओढली. बारा दिवस ते पत्र त्यांच्या कोटाच्या खिशात होते. तेराव्या दिवशी सुमतीने विचारले, "काय लिहिणार आहात?"

"संमती देणार. दुसऱ्या आवृत्तीत तांडेलाचे शब्द घालता येतील. आधी पुस्तक तर निघू दे."

"त्या माणसाला शब्द देऊन आला होतात ना?"

"अगं, ती माणसं वाचणार आहेत का हे?" भाऊ एकदम ओरडले. "त्यांना काय फरक पडतो?"

सुमती उठली. तिने ताट वाढले आणि स्वतः मागाहून जेवली. भाऊंनी संमतीचे पत्र पोस्टात टाकले, सोबत पहिला खर्डा. माणूस वाईट नव्हता हो. पन्नाशी उलटून गेलेली, आणि आयुष्यात एकदाच दार उघडलेले. ते लावून घ्यायला जी छाती लागते ती त्यांच्याकडे नव्हती, इतकेच.

त्रेपन्न साली पुस्तक निघाले. 'नौकाशब्दसंग्रह', चौसष्ट पाने, पिवळे कव्हर, वर ठसठशीत नाव: त्र्यंबक विष्णू आगाशे. पंचवीस प्रती घरी आल्या. भाऊंनी नावावरून बोट फिरवून पाहिले. शाई किंचित वर आलेली लागत होती. ऑफिसात पेढे झाले. दगडू रंगाऱ्याची गोष्ट पुन्हा एकदा निघाली आणि या वेळी भाऊ सगळ्यांत मोठ्याने हसले.

एक प्रत बाळकुमला नेणे भाग होते. न नेली असती तर कुणी विचारले नसते, पण भाऊंना राहवेना. तांडेल मचव्यावर बसून शीड शिवत होता. पुस्तक पाहून त्याने आधी हात धुतले, मग ते दोन्ही हातांत घेतले. उलटेच धरले होते.

"माजी दामण कुठं हाय?" त्याने विचारले. "वाचा ना."

महिपत जवळ येऊन उकिडवा बसला. भाऊंनी पुस्तक घेतले, सरळ केले, पहिले पान उघडले. तिथे 'वातपट-रज्जू' होते. त्यांनी चष्मा पुसला. आणि मग मान खाली घालून ते वाचू लागले, "दामण. गोस. परमाण. आलात. निरम..." पासष्टच्या पासष्ट शब्द त्यांना पाठ होते. ओहोटीच्या त्या रविवारी ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने त्यांनी ते म्हटले, आणि तांडेल एकेका शब्दाला मान डोलवत, टक लावून पाहत राहिला. झाल्यावर म्हणाला, "बेस." पुस्तक त्याने फडक्यात बांधले आणि घरी देवाच्या फळीवर ठेवायला महिपतकडे दिले. भाऊंना त्याने निघताना खारवलेले बोंबील देऊ केले आणि मग स्वतःच जीभ चावून चार नारळ दिले.

त्यानंतर दोन वर्षे भाऊ बाळकुमकडे फिरकले नाहीत. निवृत्त झाले. जहाजाच्या शब्दांवर बोलेनासे झाले. शेजाऱ्यांना चहा गरम मिळू लागला. कौले आता ट्रकने जाऊ लागली होती. दुसऱ्या आवृत्तीचे भाऊंनी मंडळाला एकदा विचारले. पहिलीच गोदामात पडून आहे, असे उत्तर आले.

पंचावन्नच्या दिवाळीनंतर एका सकाळी महिपत दारात उभा राहिला. आत यायला तयार नव्हता. "बाबा आजारी हाय. तुमची आठवन काढतो. पुस्तकाचा काय तरी काम हाय बोलला."

"पुस्तकाचं?" भाऊंनी विचारले.

"माझी बायको, तुळसा, गावच्या प्रौढांच्या वर्गान जाते. तिला वाचाया आला. ती बाबाला वाचून दाखवते."

भाऊ एक पाऊल मागे सरले. काहीतरी कारण सांगून टाळावे असे मनात आले होते, पण सुमतीने आतून कोट आणून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो निमूटपणे घातला.

बाळकुमच्या धक्क्याशी 'हौसा' चिखलात कलंडून पडली होती. परमाण काढून नेलेली, नाळेवर हळद मात्र ताजी. घरात तांडेल बाजेवर उशीला टेकून होता. अंगात काही उरले नव्हते. हात तेवढे पूर्वीचेच, मोठे. खाली तुळसा बसली होती, मांडीवर पिवळे पुस्तक. तिने भाऊंना पाणी दिले आणि सरळ विचारले, "भाऊ, यान दामण कुठं हाय? मी चारदा पयल्यापासून वाचला. दामण नाय, नाळ नाय, काय बी नाय. कसले लांब लांब शब्द हायत."

भाऊंनी पेला खाली ठेवला.

"अगं, तू कालची पोर," तांडेल बाजेवरून म्हणाला. आवाज खोल गेला होता. "जोडाक्षरं हायत ती. तुला अजून वाचाया नाय येत बरोबर. भाऊंना येतो. त्यांनी मना वाचून दाखवलाय."

त्याने भाऊंकडे पाहिले. वाट मोकळी करून दिली होती त्याने. नुसते "हो" म्हटले असते तरी काम झाले असते. तुळसाचा चेहरा उतरला होता. दोन वर्षे दुपारची झोप मोडून जे शिकली ते चुकीचे शिकली की काय, अशी ती पुस्तकाकडे बघत होती. भाऊंना तिचे ते बघणे सहन झाले नाही.

"तिला बरोबर वाचता येतं, तांडेल," ते म्हणाले. "ते शब्द यात नाहीत. छापलेच नाहीत. मी खोटं वाचलं तेव्हा."

महिपत दारातून आत आला. बाहेर कोंबडी कलकलत होती.

"मना म्हायती हाय," तांडेल म्हणाला.

"कधी कळलं?"

"तवाच. तुमी पासष्ट नावं वाचली, आनि पान एक बी उलटला नाय." तो दम घ्यायला थांबला. "मना अक्षर नाय कळत, भाऊ. हात कळतान."

भाऊ बाजेशी खाली बसले. डोळ्यांना धार लागली आणि ती त्यांनी पुसलीही नाही. या माणसाने दोन वर्षांपूर्वीच सारे ओळखले होते आणि तरी पुस्तक देवाजवळ ठेवले होते, चार नारळ दिले होते. भाऊंना मंडळाचा राग आला, पत्राचा आला, आणि मग कुणाचाच न येता नुसती लाज वाटली. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून फाउंटन पेन काढले.

"तुळसा, ते पुस्तक दे इकडे."

छापील शब्द त्यांनी खोडले नाहीत. तेही त्यांनीच केले होते; ते तसेच दिसू देत. जिथे तांडेलाचा शब्द होता त्या ओळीच्या शेजारी समासात ते हाताने लिहीत गेले, मोठ्या सुट्या अक्षरांत, जोडाक्षर न येईल असे. दामण. गोस. आलात. दुपार झाली. तुळसाने भाकरी करून आणली, ती भाऊंनी तिथेच बसून खाल्ली. एकोणचाळिसाव्या शब्दाशी ते अडले. शीड वर चढवायचा तो दोर. दोन वर्षांपूर्वी पाठ होता, आता काही केल्या आठवेना.

तांडेलालाही आठवेना. त्याची बोटे गोधडीवर चाचपडू लागली. त्याने डोळे घट्ट मिटले, ओठ हलवले, आणि चेहऱ्यावर भीती दिसली; मरणाला भ्याला नसेल तेवढा त्या एका शब्दाला भ्याला. महिपत उठला आणि धावत धक्क्यावर गेला. परतला तो काळ्या पडलेल्या दोराचे वेटोळे खांद्यावर टाकून. दोर त्याने आढ्यावरून टाकला आणि एक टोक बापाच्या मुठीत दिले. तांडेलाने मूठ आवळली. एकदा ओढून पाहिले. आढे करकरले.

"हांजा," तो म्हणाला. लगेच, जसा काही शब्द तिथेच दोरात होता. "हांजा रे, हांजा."

भाऊंनी लिहिले.

पासष्टावा शब्द झाला तेव्हा ऊन ओसरले होते. भाऊंनी शेवटी शीर्षकाचे पान उघडले, जिथे त्यांचे नाव होते, आणि पेन तुळसापुढे धरले. "याच्याखाली तुझ्या सासऱ्यांचं नाव लिही." तिने सासऱ्याकडे पाहिले. सासऱ्याचे नाव सुनेने घ्यायचे नसते. तोंडाने तर तिने ते कधीच घेतले नव्हते. तांडेल म्हणाला, "लिहिलंस तर काय होतंय? बोलू नको म्हंजे झाला." त्यावर सगळेच हसले. तुळसाने पदर सावरला आणि जीभ दातांत धरून, एकेक अक्षर कोरत, लिहिले.

भाऊंच्या कपाटात घरी अजून चोवीस प्रती होत्या. सुमतीला सांगून उद्याच शाईची मोठी बाटली आणायची, हे त्यांनी मनाशी ठरवले. निघायला हवे होते. पण तांडेल म्हणाला, "थांबा. एकदा ऐकून जावा."

म्हणून ते उंबऱ्याशी टेकून बसले. तुळसाने पुस्तक मांडीवर सरळ धरले आणि वाचायला सुरुवात केली. ती अडखळत होती, पण शब्द बरोबर येत होते. दामण म्हटली की बाजेवरचा हात आवळला जाई, आलात म्हटली की सैल पडे. पहिले पान संपले तेव्हा ती क्षणभर थांबली. तांडेलाचे हातही थांबले. तो कान देऊन वाट पाहत होता.

तुळसाने पान उलटले.